नदी उशाशी असून दाणा विकत का?

"एवढी रेती नदीत पडली हाये भाऊ, अन् तुम्ही पोत्यानं इकत काहून आणता?"

माझ्या टिनाच्या शेडमधली सँडब्लास्टिंगची, म्हणजे दाबाच्या हवेनं दाणा मारून लोखंड साफ करायची, बंद पेटी पाहायला जो येतो, तो हे विचारतोच. पवनी तालुक्यात, वैनगंगेच्या इतक्या जवळ राहून मी गार्नेट नावाच्या दाण्याच्या गोण्या नागपूरहून आणतो, हे कुणाला पटत नाही. पेटी घरी कशी बनवली, हा प्रश्न त्याच्या मागून येतो. तुम्ही दोन्ही विचारलंत म्हणून दोन्ही सांगतो. पण रेतीचं आधी, कारण पेटीचा एकेक जोड त्या उत्तरावरूनच ठरला आहे.

नावात 'सँड' आहे, तिथेच माणूस फसतो. १८७० मध्ये टिल्घमन नावाच्या अमेरिकी माणसानं या पद्धतीचं पेटंट घेतलं, तेव्हा खरोखर रेतीच उडवत. दाबाच्या हवेसोबत दाणा लोखंडावर आपटतो, गंज आणि जुना रंग निघून जातो. पण आपटताना दाणाही फुटतो. आपल्या नदीच्या रेतीत मुख्य भरणा गारगोटीचा, म्हणजे स्फटिक सिलिकेचा. तिचे १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. डोक्याचा केससुद्धा साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्यातले सगळ्यात बारीक कण नाकात अडत नाहीत, घशात अडत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्यांच्याभोवती फुप्फुस जुन्या जखमेच्या व्रणाप्रमाणे घट्ट होत जातं. हाच सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो.

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीला मळणीयंत्राची गंजलेली चौकट मी अंगणातच साफ केली होती. नदीची रेती चाळून, वाळवून घेतली आणि तोंडाला दुपट्टा बांधला. दोन दिवस काम चाललं. दुसऱ्या संध्याकाळी माझा मावसभाऊ आला. तो परराज्यात ढलाईच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या, कारखान्यात नग साफ करायचा, अकरा वर्षं. आधी त्याला टीबी म्हणून औषधं दिली, नंतर खरं निदान झालं. आता घरून धानाच्या बांधीपर्यंत जाताना तो दोनदा खाली बसतो. माझ्या भुवयांवरची पांढरी धूळ पाहून तो काही बोलला नाही. त्यानं जाऊन कॉम्प्रेसरचं बटण बंद केलं. मग म्हणाला, "मीबी दुपट्टाच बांधत होतो."

ब्रिटननं ढलाईचे नग साफ करायला रेती वापरणं १९४९ च्या नियमांनी बंद केलं. जीन्स विटकी दिसावी म्हणून कापडावर रेती मारणारी तरणी पोरं तुर्कस्तानात मरू लागली, तेव्हा २००९ मध्ये तिथे त्या कामावर बंदी आली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यानंही सिलिकोसिस हा कळवणं सक्तीचा असलेला आजार ठरवला होता. पण अंगणातल्या कामाकडे कोणता निरीक्षक येणार? तिथे आपणच आपले निरीक्षक.

गार्नेट हा दक्षिणेच्या किनाऱ्यावरच्या वाळूतून वेगळा काढलेला लालसर दाणा. कठीण असतो, गारगोटीसारखा लगेच चुरा होत नाही, आणि मोकळी सिलिका त्यात अगदी नावापुरती. पेटीत तो गोळा होतो, म्हणून चाळून पुन्हा पुन्हा वापरता येतो. रेती फुकट वाटते खरी, पण ती एका फेरीत पीठ होते. इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या भागांना मी काचेचे बारीक मणी वापरतो. ते गोल असतात, धातूला चरे पाडत नाहीत.

तरीही धूळ ती धूळच. त्यात जुन्या रंगातलं शिसं असू शकतं. म्हणून पेटी.

तिचा खालचा भाग बंद पडलेल्या राइस मिलचं हॉपर आहे, भंगारातून किलोच्या भावानं घेतलेलं. उतार ४५ अंशांपेक्षा जास्त हवा, नाहीतर दाणा कडेलाच बसून राहतो. धान उतरवणाऱ्यानं तो हिशेब आधीच करून ठेवला होता. वर २५ मिमीच्या अँगलचा सांगाडा, त्यावर १८ गेजचा पत्रा, तीन फूट रुंद, दोन फूट खोल. मध्ये जाळी. दार बाजूला ठेवलं, वर नाही, म्हणजे उघडताना धुळीचा लोट तोंडावर येत नाही. दाराच्या कडेनं ट्रकच्या जुन्या ट्यूबची पट्टी लावली. आत पाहायच्या काचेला आतून एक स्वस्त पातळ काच लावली, ती धुरकट झाली की बदलायची. आत हात घालायला पेटीलाच कड्यांनी बसवलेले हातमोजे, खांद्यापर्यंतचे, जाड रबराचे.

सगळ्यात जास्त पैसे मी हवा ओढणाऱ्या ब्लोअरवर घातले, दाणा मारणाऱ्या गनवर नाही. हवा पेटीतून बाहेर ओढली जाते, आधी एका उंच डब्यात गोल फिरून जड धूळ खाली टाकते, मग ट्रकच्या एअर फिल्टरमधून शेडच्या बाहेर जाते. पेटीत दाब बाहेरपेक्षा किंचित कमी राहिला पाहिजे, म्हणजे कुठे फट राहिलीच तर हवा आत जाईल, धूळ बाहेर येणार नाही. याची परीक्षा उदबत्तीनं होते: ब्लोअर चालू करून प्रत्येक जोडाजवळ धरायची, धूर आत वळला पाहिजे. दुसरी परीक्षा रात्रीची. शेडमधला बल्ब बंद करून काम चालू ठेवायचं आणि टॉर्चचा झोत पेटीच्या कडेनं आडवा मारायचा. दिवसा न दिसणारी धूळ झोतात चमकते. पहिल्या रात्री माझ्या हातमोज्यांच्या कड्यांतून चक्क धूर निघताना दिसला. त्या मी तीनदा बसवल्या.

काम संपल्यावर ब्लोअर चालू ठेवून दोन मिनिटं थांबतो, मगच दार उघडतो. दाणा चाळताना एन-९५ मास्क लावतो, दुपट्टा नाही.

हवेचं थोडक्यात सांगतो. माझा २ एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला सहा-सात घनफूट हवा देतो, आणि गनच्या ६ मिमीच्या नोझलला, म्हणजे तोंडाला, त्याच्या दुपटीहून जास्त लागते. म्हणून अर्धा मिनिट मारायचं, टाकी भरेपर्यंत थांबायचं. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की काम बंद. पावसाळ्यात टाकीत पाणी साचतं, दाणा ओला होऊन नळीत अडकतो. रोज टाकीचा कॉक उघडून पाणी काढावं लागतं. मे महिन्यात उलटं, कोरड्या हवेत दाण्याच्या घर्षणानं हाताला झटके बसतात, म्हणून पेटीला आणि गनला अर्थिंग दिली आहे. साफ केलेल्या लोखंडाला उघड्या हातानं शिवू नका. श्रावणात ते काही तासांत पुन्हा लाल होतं, त्यामुळे प्राइमर त्याच दिवशी लागला पाहिजे.

परवा आलेल्या पोराकडे १ एचपीचा कॉम्प्रेसर आहे आणि धानाला पाणी देणारे पंप दुरुस्त करायची हौस आहे. त्याला हॉपरचं माप कागदावर काढून दिलं. जाताना त्याच्या मोटरसायकलच्या मागं अर्धी गोणी गार्नेट बांधून दिलं, म्हणजे पहिल्या दिवशी तरी तो रेतीसाठी घाटावर जाणार नाही.