ड्रायव्हरची झोप कुणाच्या हिशोबात?

आज कामानिमित्त आडगावच्या ट्रक टर्मिनलवर गेले होते. एक ड्रायव्हर काका केबिनमध्ये आडवे झालेले, पाय दारातून बाहेर. जरा डोळा लागतो न लागतो तोच फोन. "गाडी का थांबली?" जीपीएसवर ऑफिसला सगळं दिसतं ना! काकांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. डोळे लालभडक. "इंदूरहून सलग आलोय ताई. भिवंडीला उशीर झाला की पैसे कापतात." सोबत क्लीनरही नाही.

पुढे कसारा घाट. भरलेली गाडी, तो उतार आणि झोप न झालेला माणूस. मला तर धडकीच भरली.

१९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यातच दिवसाला ८ तास काम आणि सलग ५ तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, अशी तरतूद होती. आज थांबलेली गाडी लगेच दिसते, पण तोच जीपीएस गाडी किती तास न थांबता चालतेय हेही दाखवतो. ते कुणी बघतच नाही. खूप राग आला.

माझ्या यादीत बरेच ट्रान्सपोर्टवाले आहेत. हात जोडून सांगते, गाडी थांबलेली दिसली तर लगेच फोन लावू नका. त्यांना झोपू द्या.