बारीक नंबरची वायर

टीव्ही भिंतीवर चढवला तेव्हा मागे जेमतेम दोन बोटं जागा उरली. प्लेअरमधून टीव्हीत चित्र-आवाज नेणारी जुनी एचडीएमआय केबल जाड आणि हट्टी. वळवून खोचली की टीव्हीचा एक कोपरा पुढे यायचा आणि केबलचं तोंड सॉकेटात तिरकं व्हायचं. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घराच्या भिंतीला आधीच पोट आलंय, त्यात हे. शेवटी बारीक वायर आणायला जेल रोडला गेलो.

दुकानदारानं काउंटरवर एक केबल टाकली. बुटाच्या नाडीएवढी, बोटाभोवती गुंडाळली तरी कुरकुर नाही. मी लगेच पाकीट काढलं, तर त्यानंच थांबवलं, "भिया, पतली लेनी है तो कितनी लंबी चाहिए, पहले ये बताओ." प्रश्न बरोबर होता. तांबं बारीक झालं की सिग्नल वाटेतच दमतो. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा हवं, तर केबलनं सेकंदाला १८ गिगाबिट वाहून न्यायचे असतात. हातभर अंतराला साधी नाडी चालते, पण आमचा प्लेअर समोरच्या शोकेसमध्ये, म्हणजे पाच मीटर लांब. मग चिपवाली घेतली. तिच्या टोकात सिग्नलला हात देणारी छोटी चिप असते आणि एचडीएमआयमधूनच येणाऱ्या ५ व्होल्टवर ती चालते, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही.

घरी आल्यावर बाबांनी दोन्ही केबली मागून घेतल्या. जुनीवर छापलं होतं २८ एडब्ल्यूजी, म्हणजे आतल्या तारेच्या जाडीचा नंबर; नवीवर ३६. "नंबर मोठा आणि वायर बारीक! फसवलं वाटतं त्यानं," मी म्हटलं.

"फसवतोय कशाला? सुताचंही असंच असतं," बाबा म्हणाले. बाबांनी नोकरी केली ती हुकुमचंद मिलच्या स्पिनिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत. मिल १९९१ साली बंद पडली, पण त्यांची बोटं अजून ड्युटीवर आहेत. "८४० वारांची एक लडी. एका पौंडात अशा ४० लडी बसल्या तर ४० नंबरचं सूत, ६० बसल्या तर ६० नंबरचं. जास्त बसायच्या तर सूत बारीकच हवं ना?" तारेचंही तसंच. बारीक करायला ती छिद्रांच्या पट्टीतून जितक्या वेळा ओढायची तितका नंबर चढायचा, म्हणून २८ ची तार ०.३२ मिलिमीटर आणि ३६ ची ०.१२७. हे मी नंतर शोधलं; बाबांनी तोवर केबल अंगठा आणि तर्जनीत धरून पीळ बघावा तशी फिरवून पाहिली होती. "वरचं रबर सोडलं तर आत काहीच नाही," एवढाच शेरा.

मग जोडली. पडदा काळा. बंद-चालू केलं, सॉकेट बदललं, दुकानदाराच्या सात पिढ्या आठवल्या. बाबा चष्मा कपाळावर सरकवून केबलचं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघत होते.

"यावर टीव्ही लिहिलंय."

"मग?"

"मग हे प्लेअरला का लावलंयस?"

चिपवाली केबल एकाच दिशेनं चालते. उलटी करून लावली, चित्र आलं, टीव्ही भिंतीला टेकला. जुनी केबल मी भंगारात टाकायला काढली होती. संध्याकाळी पाहिलं, तर तिची व्यवस्थित लडी करून बाबांनी खुंटीला अडकवली होती.