राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट

पावसाळा लागला की दुकानात येणारं कुणी ना कुणी विचारतंच, 'पुरात माल कसा वाचवता हो?' तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो, २०१९ ला मी काहीच वाचवला नव्हता.

कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं वह्या-कागदाचं घाऊक दुकान. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे ऐन पावसात गोडाऊन भरलेलं. त्या ऑगस्टला आम्ही पंचगंगेकडं कान लावून बसलो आणि पाणी आलं मागून, जयंती नाल्यातून. नदी फुगली की नाल्याला वाट राहत नाही, तो गल्लीत शिरतो. खालचा एक थर भिजेल असा अंदाज होता. पण कागद पाणी वर ओढतो. वरचे दोन थरही गेले आणि वह्या फुगून असल्या घट्ट बसल्या की पहारीनं काढाव्या लागल्या.

विम्यात तर माझीच हुशारी नडली. हप्ता वाचवायला २० लाखांच्या मालाचा विमा १० लाखांचा काढलेला. नुकसान ६ लाखांचं, हातात ३. विमा निम्म्याचा, तर भरपाईही निम्मीच. त्यात खरेदीची बिलं खालच्या ड्रॉवरमध्ये, लगदा झालेली. उधारीची वहीही तिथंच. कुणाकडून किती येणं होतं ते आजही नक्की सांगता येत नाही. आता बिलं आणि वहीची पानं दर शनिवारी मोबाईलवर काढून मुलीला पुण्याला पाठवतो.

राधानगरीचे दरवाजे उघडले की नातेवाइकांचे फोन सुरू होतात. अहो, ते स्वयंचलित आहेत, धरण भरलं की उघडणारच! मी बघतो पंचगंगेवरचा राजाराम बंधारा. तिथं ३९ फूट इशारा पातळी, ४३ धोक्याची. बाजार ४३ ची वाट बघतो. मी ३९ लाच माल माळ्यावर आणि उरलेला राजारामपुरीत मेहुण्याकडं हलवतो, कारण ४३ ला सगळ्यांना एकदमच हमाल आणि टेम्पो लागतात. २०२१ ला पाणी २०१९ पेक्षाही चढलं, ५६ फुटांच्या वर गेलं. माझं काउंटर गेलं, आणि इन्व्हर्टर. तो जमिनीवरच विसरलो होतो.

परवा बंधाऱ्यावर २८ फूट होतं. हमालाला सांगून ठेवलं तर म्हणाला, "मालक, एवढ्यात?"

म्हटलं, "तुझा नंबर बाकीच्यांकडंपण आहे."