पांढरे ठिपके

फिल्म धुवायला बसण्याआधी आमच्याकडे हवामान बघावं लागतं. निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली की गच्चीवरच्या टाकीतल्या पाण्याने हात बधिर होतात; मग त्यात गीझरचं पाणी मिसळायचं. मे महिन्यात तोच नळ कोमट पाणी सोडतो, मग पातेल्यात बर्फ. हा सगळा खटाटोप 20 अंशांसाठी. त्या तापमानाला एचपी-5 ही ब्लॅक अँड व्हाइट फिल्म डी-76मध्ये साडेसात मिनिटं. डी-76 हे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, आता शंभरीला टेकलंय, पण पाणी थोडं गरम राहिलं की अजून रुसतं.

रिळावर फिल्म चढवायची ती रात्री, दिवे घालवून, वर गोधडी घेऊन. रीळ जरा ओलसर राहिलं असेल तर फिल्म मध्येच अडते, आणि गोधडीखाली घामाघूम होत एकटाच शिव्या घालणारा माणूस घरच्यांना रात्री दोन वाजता फारसा आवडत नाही. पुढे रीळ घातलेला बंद डबा उलटासुलटा करणं, मग चित्र पक्कं करणारा हायपो, मग धुणं. मग बाथरूममध्ये दोरीवर फिल्म लटकते, खाली कपड्यांचा चिमटा. पंखा बंद, दार बंद, आंघोळी खोळंबलेल्या.

एवढं करूनही धूळ बसतेच.

पूर्वीचे दिवस असते तर पुढची रात्र एन्लार्जरपाशी, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायच्या यंत्रापाशी, गेली असती. आता फिल्म स्कॅनरवर ठेवतो. धूळ पुसण्याची सोय त्याच्यात आहे. तो इन्फ्रारेड किरण सोडतो. रंगीत फिल्मचे रंग ते आरपार जाऊ देतात, धूळ अडवते, म्हणजे अडलं तिथे धूळ. पण ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवरचा काळा भाग म्हणजे खरीखुरी चांदी, बारीक कणांची. चांदीही ते किरण अडवते. बिचाऱ्या स्कॅनरला अख्खं चित्रच कचरा वाटतं. (काही फोटोंबाबत त्याचं मत मला पटतं.) तेव्हा ती सोय बंद करून माउस हातात घ्यायचा आणि एकेक ठिपका टिपत बसायचं. जुन्या स्टुडिओत ब्रश घेऊन टचिंग करणारे करायचे तेच काम, फक्त खुर्ची बरी.

निगेटिव्हवरची धूळ छापील फोटोत पांढरी उमटते. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावर आईसोबत गेलो होतो, तिथला एक फोटो मी असाच दीड तास साफ केला. काळंभोर पाणी, मागे बाभळी, एकही डाग नाही. मॅट कागदावर छापला. रंगीत शाईतून करडा रंग काढताना प्रिंटर हिरवट झाक देतो, तीही या वेळी आली नव्हती. मी खूश.

आईने चष्मा लावून पाहिला. "अरे, ते बगळे कुठे गेले?"

"कुठले बगळे?"

"पलीकडच्या काठाला होते की! मी दाखवले होते तुला."

निगेटिव्ह खिडकीत धरलं, भिंग लावलं. पलीकडच्या काठाला काळे ठिपके, प्रत्येकाला केसाएवढी मान. सात.

पुन्हा स्कॅन केलं. या वेळी काठाजवळ हात जपून चालवला, शंका आली तिथे ठिपका राहू दिला. तो फोटो आता हॉलमध्ये आहे. आल्यागेल्याला आई कौतुकाने बगळे मोजून दाखवते. नऊ.

मी काही बोलत नाही.