कव्हरवरची मोकळी भिंत

संगीत मासिकाचं मुखपृष्ठ करायचं, फोटो स्वतः काढायचा, मथळे स्वतः लिहायचे आणि छापून आणून द्यायचं. प्रोजेक्टची अट एवढीच. नेटवरून उचललेलं एकही चित्र चालणार नव्हतं. वर्गातल्या बहुतेकांनी त्याच दिवशी कॅमेरा कोणाकडे मिळेल याची चौकशी सुरू केली. मॅडमनी मात्र आधी कागदावर चौकट आखून आणायला सांगितली. "मासिकाचं नाव कुठे, मथळे कुठे, बारकोड कुठे, माणूस कुठे, हे आखल्याशिवाय कॅमेऱ्याला हात लावायचा नाही." तेव्हा जाचक वाटलं होतं. पण या कामाबद्दल आता कोणी विचारलं, तर मी पहिल्यांदा हेच सांगेन. कव्हरचा फोटो आणि नुसता चांगला फोटो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कव्हरच्या फोटोत माणसाइतकीच त्याच्याभोवतीची मोकळी जागा काढायची असते.

चौकट आखण्याआधी मॅडमनी बरीच जुनी कव्हरं दाखवली. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन संगीत मासिकाचा २२ जानेवारी १९८१ चा अंक आला तेव्हा वर्ग गप्प झाला. 'बीटल्स'चे जॉन लेनन आणि त्यांची पत्नी योको ओनो यांचा अ‍ॅनी लीबोविट्झनं काढलेला फोटो, वर मासिकाचं नाव आणि बाकी एकही मथळा नाही. अमेरिकन मासिक संपादकांच्या संस्थेनं २००५ मध्ये मागच्या चाळीस वर्षांतलं सर्वोत्तम कव्हर म्हणून हेच निवडलं होतं. लगेच निम्म्या वर्गाला मथळ्यांशिवाय कव्हर करावंसं वाटू लागलं. मॅडम म्हणाल्या, "तो फोटो ८ डिसेंबर १९८० ला काढलाय. त्याच रात्री लेनन यांची हत्या झाली. त्या कव्हरला शब्दांची गरजच नव्हती. तुमच्या मॉडेलला कोण ओळखतं?" विषय संपला.

डिझायनर डेव्हिड कार्सनचं 'रे गन' हे संगीत मासिकही दाखवलं. एक मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून या बहाद्दरानं ती अख्खी चिन्हांच्या फाँटमध्ये, म्हणजे वाचताच येणार नाही अशी छापली होती. मजा आली, पण तो रस्ता आपला नाही हेही कळलं. नियम मोडण्याआधी ते माहीत असावे लागतात, आणि मला तेव्हा तेवढेही माहीत नव्हते. मी खरा अडकलो तो 'ब्लू नोट' कंपनीच्या जॅझ रेकॉर्डच्या वेष्टनांत. फ्रान्सिस वुल्फचे फोटो घेऊन डिझायनर रीड माइल्स ते बेधडक कापायचा आणि उरलेल्या जागेत अक्षरं ठोकून बसवायचा. एका बाजूला अंधारातला वादक, दुसऱ्या बाजूला नुसती मोकळी जागा. ते बघतानाच ठरलं की आपल्या कव्हरवर सॅक्सोफोन हवा.

मैत्रिणीचा मोठा भाऊ आल्टो सॅक्सोफोन वाजवतो. दादा लगेच तयार झाला. फोटो कुठे आणि कशासाठी वापरणार ते लिहून त्याची सही घेतली. ओळखीच्या माणसाकडे सही मागायला अवघड वाटतं, पण प्रोजेक्टमध्ये तो कागद लागतोच.

मासिकाचं नाव मी 'मींड' ठेवलं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं. नाव जितकं लहान तितकं मोठं छापता येतं. ए फोर कागद २१० मिलिमीटर रुंद, त्यात दोन अक्षरं बसवायची म्हणजे चैनच. आता खाली माणूस आणि कडेला मथळे. इथे पहिला पेच पडला. स्टँडवर मासिकं एकावर एक सरकवून ठेवतात तेव्हा बहुतेक वेळा डावी पट्टीच दिसते, म्हणून महत्त्वाचे मथळे डावीकडे ठेवायचा रिवाज आहे. पण आल्टो वाजवणारे बरेच जण वाद्य अंगाच्या उजव्या बाजूला धरतात. समोरून पाहणाऱ्याला ते डावीकडे दिसतं. म्हणजे जिथे शब्द हवेत नेमकं तिथेच पितळ.

सोपा उपाय होता, फोटो आरशासारखा उलटा करायचा. दादानं तो ऐकूनही घेतला नाही. "अरे, सॅक्सवर डावा हात वर असतो, उजवा खाली. उलटवलंस तर हात बदलतील, कळा भलत्याच बाजूला जातील. वाजवणारा कोणीही बघून हसेल." संगीताच्या मासिकावर संगीतवालेच हसणार असतील तर कशाला ते? शेवटी मुख्य मथळा डावीकडे वरती, खांद्याच्या बाजूच्या रिकाम्या जागेत नेला, वाद्य त्याच्याखाली आलं आणि बाकीचे दोन मथळे उजवीकडे एकाखाली एक. रिवाजाला थोडी बगल दिली, पण त्याचं कारण देता येत होतं.

शूटसाठी वर्गाची एक रिकामी खोली मिळाली. भिंत फिकट पिवळसर, आणि मला हवी होती गडद करडी. रंगीत पडदा आणायची गरज पडली नाही, कारण प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. दिवा दादापासून एक मीटरवर ठेवला आणि दादाला भिंतीपासून दोन मीटर पुढे उभं केलं. म्हणजे भिंत दिव्यापासून तीन मीटरवर, आणि तिच्यावर पडणारा उजेड दादावरच्या उजेडाच्या साधारण नवमांश. चेहऱ्यासाठी एक्स्पोजर (कॅमेऱ्यात येणारा उजेड) बरोबर ठेवलं की भिंत आपोआप काळवंडते. शाळेत पाठ केलेलं सूत्र असं कधी कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १००, शटर १/१६० सेकंद आणि फ्लॅश, एवढ्यावर खोलीतला इतर उजेड फोटोत जवळजवळ येतच नाही. अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, म्हणजे बारीकसं, ठेवलं, कारण वाद्याचं तोंड, म्हणजे त्याचा रुंद कर्णा, कॅमेऱ्याकडे बरंच पुढे येतं आणि अ‍ॅपर्चर मोठं ठेवलं तर डोळे स्पष्ट आणि पितळ धूसर, असं होतं. लेन्सही जरा लांब पल्ल्याची वापरली. वाइड लेन्स घेऊन जवळ गेलं तर सॅक्सचं तोंड परातीएवढं दिसतं आणि मागे माणूस बारका.

पितळेनं सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. चकचकीत वाद्याचा फोटो काढायचा म्हणजे खरं तर ते ज्या ज्या गोष्टी परावर्तित करतं त्यांचा फोटो काढायचा. पहिल्या फ्रेममध्ये सॅक्सच्या तोंडात दिव्यावरच्या छत्रीच्या काड्या, ट्यूबलाइट, खिडकी आणि ट्रायपॉडमागे वाकलेला मी, असं सगळं संमेलन भरलं होतं. काच किंवा पाणी असतं तर पोलरायझर फिल्टरनं काही झगमग कमी झाली असती, धातूवर तो चालत नाही. मग दिवा आणि दादा यांच्यामध्ये मोठी पांढरी चादर ताणून बांधली. पितळेत आता काड्यांऐवजी चादर दिसू लागली आणि नळीवर वरपासून खालपर्यंत एक रुंद, शांत, पांढरा पट्टा आला. तरी वाद्य सपाट वाटत होतं, गोलाई कळेना. मैत्रिणीनं काळा पुठ्ठा दुसऱ्या बाजूनं अगदी जवळ, फ्रेमच्या जेमतेम बाहेर धरला. त्याचं प्रतिबिंब नळीच्या कडेला बारीक काळ्या रेघेसारखं उमटलं आणि वाद्य एकदम गोल झालं. पुठ्ठा चार बोटं मागे नेला की रेघ पातळ, पुढे आणला की जाड. बिचारी हात भरून येईपर्यंत धरून उभी होती. बोटांचे ठसे मात्र दादा स्वतःच पुसत होता. फडकं मी घेतलं की लगेच, "दे इकडे."

मोकळ्या जागेवर लक्ष ठेवायला एक जुगाड केला. पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर मार्करनं चौकट आखली, वरती 'मींड' हे नाव, मथळ्यांचे चौकोन, खाली बारकोडची जागा. हा कागद लॅपटॉपच्या पडद्यावर चिकटवला आणि कॅमेरा केबलनं जोडला. फोटो आला की थेट चौकटीच्या मागे दिसायचा. डोकं नावात किती घुसलं, कोपर मथळ्यावर येतंय का, जागच्या जागी कळायचं. कॅमेऱ्याची चौकट दोनास तीन आणि ए फोर त्यापेक्षा कमी लांबट, त्यामुळे उभ्या फोटोचं वरचं-खालचं थोडं कापलं जाणारच होतं. म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये डोक्यावर हवी त्याहून जास्त भिंत घेतली. पडद्यावर ते विचित्र दिसतं. दादा डोकावून म्हणालाही, "मला एवढा खाली का ढकललायस?"

चेहऱ्याचंही सांगायला हवं. वाजवताना सॅक्सवाल्याचे ओठ मुखनळीवर आवळलेले असतात, गाल ताणलेले, डोळे बरेचदा मिटलेले. मैफलीत ते सुंदर दिसतं, पण कव्हरवरचा माणूस वाचणाऱ्याकडे बघायला हवा. नुसतं वाद्य धरून उभं केलं तर ओळखपत्रावरचा फोटो. मग दादाला खरंच वाजवायला सांगितलं आणि तान संपवून मुखनळी ओठांपासून सुटली की त्याच क्षणी कॅमेऱ्याकडे बघ, असं ठरलं. त्या अर्ध्या सेकंदात श्वास चढलेला असतो, ओठ सैल पडलेले असतात आणि माणसाला पोझ घ्यायला सवड नसते. निवडलेली फ्रेम तिथलीच आहे.

फोटोशॉपमध्ये फार काही केलं नाही. चादरीची शिवण पितळेत दिसत होती ती काढली, सॅक्सच्या तोंडातला कॅमेऱ्याचा काळा ठिपका पुसला, कपाळावरचा घाम ठेवला.

अक्षरांचं काम फोटोपेक्षा अवघड निघालं. ट्यूटोरियल जवळजवळ सगळी रोमन लिपीची. त्यात बिनधास्त सांगतात, अक्षरांमध्ये अंतर वाढवा, भारदस्त दिसतं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे ठसठशीतपणा आणायचा तो वजनातून, आकारातून आणि रंगातून. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाऊन बसते. हे एक सेटिंग माहीत नसल्यामुळे कित्येक जण मराठीत डिझाइन करायचाच नाद सोडतात, असं मला वाटतं.

डोकं नावावर आलेलं छान दिसतं, कव्हरला खोली येते. नावाजलेली इंग्रजी मासिकं अख्खं अक्षर झाकतात, कारण वाचणाऱ्याला नाव पाठ असतं. माझ्या नव्या मासिकाला ती सवलत नव्हती, आणि लिपीचीही अडचण होती. 'मींड'मधली वेलांटी आणि अनुस्वार शिरोरेषेच्या वर. केसांनी तो ठिपका झाकला तर मासिकाचं नाव 'मीड'. खालून झाकत जावं तर 'ड'चं पोट जातं आणि तो 'ड' आहे की आणखी काही, कळत नाही. बरंच वरखाली सरकवून एक जागा सापडली. डोक्याचा माथा वेलांटीच्या उभ्या दांड्याचा खालचा भाग झाकतो, शिरोरेषेला शिवत नाही. दांडा अर्धा दिसला तरी डोळा तो पुरा करून घेतो.

मथळ्यांच्या जागी 'मजकूर येथे येईल' लिहिलेली कव्हरं वर्गात बरीच होती. मला ते पटत नाही. मथळा किती अक्षरांचा, कुठे तुटतो, यावरच तर मांडणी ठरते. माझा मुख्य मथळा 'पितळेतला श्वास'. दुसरा आधी 'जुन्या सुरांची नवी पोरं' असा दोन ओळींत होता, पण वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसायचा. ओळींतलं अंतर वाढवलं तर मथळा ढिला पडायचा. सरळ शब्द बदलले, 'जुना राग, नवा आवाज' केलं. उकार आता वरच्या ओळीत एकच, आणि त्याच्याखाली वेलांटी नाही. शब्द आधी आणि मांडणी नंतर, हा क्रम कव्हरवर दर वेळी पाळता येत नाही.

बारकोड दुसऱ्या मासिकाचा उचलायचा नाही, हे उघड आहे. नियतकालिकांचा बारकोड ९७७ नं सुरू होतो, पुढे आयएसएसएनचे, म्हणजे नियतकालिकाच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाचे, अंक येतात. माझ्याकडे तो क्रमांक नव्हताच, म्हणून आकार खरा ठेवून वर 'नमुना' असं छापलं. रेघा मॅचिंग म्हणून लाल करू नयेत. दुकानातले बरेचसे स्कॅनर लाल उजेडावर चालतात, त्यांना लाल रेघ दिसतच नाही.

नावाला मूळ आराखड्यात झगझगीत निळा होता. छपाईच्या चार शायांत तो निळा बसत नाही, छापल्यावर कसा दिसेल त्याचं प्रूफ पडद्यावरच बघितलं तर राखाडी पडला. मग पितळेवरच्याच एका जागेचा पिवळा उचलला, तो कागदावर स्वच्छ उतरतो आणि वाद्याशी नातंही सांगतो. गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवताना फाँटचं वजन एक पायरी वाढवलं, कारण चार शायांचा थर थोडा जरी सरकला तरी बारीक मात्रा बुजतात. कापण्यासाठी चारही बाजूंना तीन मिलिमीटर जादा, म्हणजे २१६ बाय ३०३, आणि ३०० पीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) २५५१ बाय ३५७९ पिक्सेल. हे आकडे फाइल उघडतानाच टाकायचे, शेवटी नाही.

सादरीकरणात मॅडमनी कव्हर भिंतीला लावलं आणि सगळ्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. तिथून नाव वाचता आलं, चेहरा दिसला, मुख्य मथळा दिसला. उजवीकडचे दोन मथळे नाही दिसले. मॅडम म्हणाल्या, ते जवळ आल्यावर वाचायचेच आहेत.

दादानं आपल्या प्रोफाइलला लावायला तोच फोटो मागितला, अक्षरांशिवाय. पाठवला. थोड्या वेळानं उत्तर आलं, "अरे, यात नुसती भिंतच आहे, मी कुठाय?" त्याच्यासाठी दुसरी, जवळून काढलेली फ्रेम शोधून दिली. ती दिसायला जास्त चांगली आहे, पण तिच्यावर 'मींड' लिहायला कुठेच जागा नाही.