अन्नपूर्णा सर्किट, मनांग मुक्काम: चालणं बंद, कामं चालू

नेपाळमधल्या अन्नपूर्णा सर्किटच्या ट्रेकवर मनांगला पोचलो. उंची 3540 मीटर. आज सॅक खोलीच्या कोपऱ्यात पडून आहे आणि आम्ही नकाशावर एक पाऊलही पुढे सरकलेलो नाही. मागच्या नोंदीनंतर काही जणांनी विचारलं होतं की उंचीची सवय व्हावी म्हणून मनांगला एक दिवस थांबणं खरंच गरजेचं आहे का, वेळ कमी असेल तर गाळता येईल का. त्यामुळे आजची नोंद सगळी त्यावरच.

आधी थोडक्यात इथवरचं. बेसिशहरहून (760 मीटर) पायी निघालो. आता जीपचा रस्ता थेट मनांगपर्यंत आलाय, त्यामुळे जिथे धूळ खायची वेळ येत होती तिथे लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या खुणा असलेली पर्यायी पायवाट धरली. या खुणा दगडांवर, झाडांवर, घरांच्या भिंतींवर सापडतात. निळ्या-पांढऱ्या दिसल्या तर ती आडवाट, कुठल्यातरी तळ्याकडे किंवा गुंफेकडे (इथे गुंफा म्हणजे बौद्ध मठ) नेणारी. पिसांगनंतर दोन रस्ते फुटतात. खालचा सोपा, नदीच्या काठाने सरळ मनांग. वरचा घ्यारू आणि ङावल गावांतून, सुरुवातीलाच अंगावर येणारा चढ. आम्ही वरचा घेतला. समोर अन्नपूर्णा-2 (7937 मीटर) अशी उभी की फोटो काढायचं भान राहत नाही, हे झालंच. पण खरं कारण वेगळं होतं. ङावल मनांगपेक्षा थोडं उंच आहे. तिथे रात्र काढून मनांगला उतरलो की शरीराला उंचीची आधीच थोडी सवय झालेली असते.

आता मुद्द्याचं. आपण सह्याद्रीतली माणसं. रविवारी पहाटे निघून एखादी घाटवाट चढायची, दुसरीने उतरायचं आणि सोमवारी ऑफिसला हजर. पाय तयार असतात, दम असतो, आणि त्याचाच इथे घोटाळा होतो. कळसूबाई 1646 मीटर. मनांगला आपली गादीच त्याच्या दुपटीहून वर आहे. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण इथेही 21 टक्केच, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के, पुढे ओलांडायच्या थोरोंग ला खिंडीत (5416 मीटर) जेमतेम निम्मा. या फरकाशी जुळवून घ्यायला शरीर त्याचा वेळ घेतं. तुम्ही हरिश्चंद्रगड किती वेळात चढता याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. उलट पाय चांगले असलेला माणूस झपाट्याने वर पोचतो आणि तिथे डोकं धरून बसतो. मिळमिळीत चालणारा, दर वळणावर फोटो काढणारा गडी बरेचदा मजेत असतो. माझ्या सोबतचा मित्र पहिल्या गटातला, मी दुसऱ्या. (हे लिहिताना तो शेजारी बसलाय. वाचू दे.)

सकाळी लॉजच्या जेवणघरात चुलीभोवती सगळ्या गटांची ऑक्सिमीटरची, म्हणजे बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायच्या यंत्राची, बैठक भरली होती. अगदी दहावीचा निकाल लागल्यासारखं वातावरण. कुणाचे 91, कुणाचे 86, एका काकांचे 79 आले आणि त्यांचा चेहरा पडला. आमचे गाइड दाइ शांतपणे उठले, काकांच्या हातात गरम पाण्याचा पेला दिला आणि म्हणाले, "पहिले हात गरम कीजिए." पाच मिनिटांनी तेच बोट, तेच यंत्र, 87. थंड बोटांवर हे यंत्र काहीही सांगतं. नेलपॉलिश असेल तरी तेच. हे बायकांनी लक्षात ठेवावं, मी घरूनच काढून आले होते.

दुपारी 3 वाजता हिमालयन रेस्क्यू असोसिएशनच्या दवाखान्यात गेलो. ही संस्था 1973 पासूनची. मनांगचा त्यांचा दवाखाना ट्रेकिंगच्या हंगामात चालू असतो आणि स्वयंसेवक डॉक्टर रोज दुपारी उंचीच्या आजारावर बोलतात. मनांगला फक्त हा एक तास मिळाला तरी थांबणं वसूल आहे. ऑक्सिमीटरबद्दल डॉक्टरबाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं की आकड्यावर उपचार करायचे नसतात, माणसावर करायचे. डोकं दुखतंय का, जेवण नको वाटतंय किंवा मळमळतंय का, गळून गेल्यासारखं होतंय का, चक्कर येतेय का, हे चार प्रश्न स्वतःला विचारा. उंचीचा आजार मोजायच्या या प्रश्नांत पूर्वी झोपेचाही प्रश्न असायचा, 2018 मध्ये तो काढून टाकला, कारण उंचीवर झोप सगळ्यांचीच खराब होते. रात्री मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येणं हेही बहुतेकांना होतं. मित्राने हे ऐकलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला, कारण काल रात्री तो दोनदा असा उठून बसला होता आणि मला मात्र "काही नाही गं, स्वप्न पडलं" म्हणाला होता.

घाबरायचं कशाला, तर दोन गोष्टींना. बसल्या जागी धाप लागणं, म्हणजे फुप्फुसात पाणी होतंय. आणि तोल जाणं, बोलण्यात गोंधळ होणं, म्हणजे मेंदूला सूज. त्याची साधी चाचणी डॉक्टरांनी सगळ्यांकडून करून घेतली: एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालायचं. खोलीभर हसाहस झाली, पण वर अंधारात जोडीदाराची तब्येत तपासायला यापेक्षा सोपं काही नाही. यातलं काही दिसलं तर गोळी घेऊन सकाळची वाट बघत बसायचं नाही, तेव्हाच्या तेव्हा खाली. तिथे एक हवा भरायची मोठी पिशवी दाखवली, आजारी माणसाला आत झोपवून पायाने पंप मारत दाब वाढवायचा. ती वेळ मिळवून देते, आजार बरा करत नाही. हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं.

उंचीच्या आजारासाठीच्या डायमॉक्स गोळीचा प्रश्न दर नोंदीखाली येतो, म्हणून इथेच. प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस 125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. ही गोळी मूत्रपिंडातून बायकार्बोनेट बाहेर टाकायला लावते, रक्त किंचित आम्लधर्मी होतं आणि श्वास आपोआप वाढतो. म्हणजे जे शरीर दोन-तीन दिवसांत करणार तेच लवकर घडवून आणते. लक्षणं झाकून टाकते हा आपल्याकडचा लाडका समज, त्यात तथ्य नाही. बोटांना मुंग्या येतात आणि रात्री थंडीत उठायला लागतं, ही किंमत. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी घरूनच डॉक्टरांशी बोलून यावं.

आणि 'आराम' म्हणजे पांघरुणात लोळणं नाही. 3000 मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक रात्र तिथेच काढावी, असा नियम आहे. पण त्या दिवशी वर चढून खाली झोपायला आलं तर फायदाच होतो. आम्ही सकाळी नदी ओलांडून समोरच्या चोंगकोर टेकाडावर गेलो. खाली गंगापूर्णाचं तळं, वर तिची हिमनदी, पलीकडे मनांगची सपाट माळवदांची दगडी घरं. ज्यांच्यात जोर आहे ते जवळच्या ब्रागा गावाहून आइस लेकला जातात, 4600 मीटरला. दिवसभराचा चढ होतो तो. इथे आल्यानंतरच्या पहिल्याच दिवशी एवढं करू नये असं माझं मत. दोन रात्री हातात असतील तर दुसऱ्या दिवशी जरूर. प्राकेन गुंफाही आहे, मनांगच्या मागच्या कड्यात, ती राहिली.

बारापर्यंत खाली आलो, कारण खरी कामं ऊन असेपर्यंतच होतात. क्रम लावून ठेवा: आधी मोजे, मग आंघोळ, मग बाकीचं. दुपारी वारा सुटतो, ऊन डोंगराआड गेलं की ओलं कापड सुकत नाही, रात्रीत दोरीवरच कडक होतं. माझ्या मोज्यांचं पहिलं पाणी काळं निघालं, दुसरं चहासारखं, तिसऱ्या बादलीनंतर लॉजच्या दिदी म्हणाल्या बस झालं, आणि बादली काढून घेतली. बरोबरच होतं, पाणी त्यांनीच वाहून आणलेलं. टाचेच्या फोडाचं काम उन्हात बसून केलं: सुई ज्योतीवर धरून गार करायची, कडेला बारीक छिद्र पाडून पाणी काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची आणि सुरकुती न पडू देता मायक्रोपोर (कागदी चिकटपट्टी) लावायचा. कातडी सोलून काढणाऱ्यांनो, पुढच्या चढाला कळेल.

जेवणाचं काय सांगू. मनांगच्या बेकऱ्यांचे ॲपल पाय आणि दालचिनी रोल सगळेच वाखाणतात आणि ते आहेतही चांगले. पण उंचीवर भूक मरते तेव्हा उपयोगी पडला तो डाळ-भात, वर घरचं मेतकूट आणि तूप. डाळ-भात संपत आला की पुन्हा वाढतात, वेगळे पैसे नाहीत. मेतकुटाची पुडी टेबलभर फिरली आणि हलकी होऊन परत आली. सीबकथॉर्न या काटेरी झुडपाच्या फळांचा आंबट रस मात्र एकदा पिऊन बघाच, आवळ्याच्या सरबताच्या जवळ जातो.

संध्याकाळचं काम एकच, हवामान. ऑक्टोबर म्हणजे इथल्या ट्रेकिंगचा सुगीचा हंगाम आणि बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही. 2014 मध्ये हुदहुद 12 ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं आणि दोनच दिवसांनी त्याच्या उरलेल्या ढगांनी याच भागात बर्फाचं वादळ आणलं. थोरोंग लाच्या परिसरात आणि आसपास किमान 43 माणसं गेली. खिंडीत अडकलेल्या अनेकांना खाली काय शिजतंय याची कल्पनाच नव्हती. म्हणून उपसागरात कमी दाबाचा पट्टा दिसला तर मनांगलाच थांबायचं, हे आम्ही काठमांडूतच ठरवलं होतं. परतीच्या तिकिटात दोन दिवसांची फट त्यासाठीच ठेवलीय. आज तरी उपसागर शांत आहे. दाइ दोन ठिकाणी फोन करून आले, त्यांचंही तेच म्हणणं.

पुढचा बेत: उद्या याक खर्का, साधारण 4050 मीटर. चाल तीन-चार तासांचीच, पण त्याच्या पुढे जायचं नाही. परवा खिंडीच्या पायथ्याचं थोरोंग फेदी, 4450 च्या आसपास. मित्राचा आग्रह आहे की त्याच दिवशी आणखी वर हाय कॅम्पला (4880 मीटर) जाऊन झोपू, म्हणजे खिंडीच्या दिवशीचा चढ कमी होईल. हिशोब करून त्याला दाखवलं: याक खर्काहून हाय कॅम्प म्हणजे एका रात्रीत 800 मीटरच्या वर. आज दुपारी डॉक्टरांनी जे सांगितलं त्याच्या बरोबर उलट. फेदीला झोपायचं आणि पहाटे अंधारातच निघायचं, कारण सकाळ चढली की खिंडीत वारा उभं राहू देत नाही. पलीकडे मुक्तिनाथपर्यंत सोळाशे मीटरचा उतार आहे, गुडघ्याचा पट्टा सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवलाय. मित्र अजून वाद घालतोय. दाइ माझ्या बाजूने आहेत, त्यामुळे विषय संपलाय.