९७५३०८६४२१ : अवयव पडले एकदाचे

परवा संध्याकाळी परतीच्या गाडीत, मुलुंड सोडल्यावर, उरलेल्या ८९६३४१ ला शेवटच्या मूळ संख्येनं, ९४१ नं, भाग देऊन झाला. बाकी ५०९. वही मिटली.

९७५३०८६४२१ = ३³ × १३ × ३१ × ८९६३४१

नवीन मंडळींसाठी: ९८७६५४३२१० मधून १२३४५६७८९ वजा केले की हा आकडा येतो, आणि यातही दहाच्या दहा अंक एकेकदाच. म्हणजे ६१७४ चा हा दहा अंकी भाऊबंद (सगळे अंक सारखे नसलेली चार अंकी संख्या घेऊन अंक उतरते-चढते मांडून वजाबाकी करत गेलं की शेवटी ६१७४ येतो आणि तिथेच थांबतो). दहाही अंक एकेकदा वापरून केलेली कुठलीही दहा अंकी संख्या घ्या (अशा ३२६५९२० आहेत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमानं मांडून वजाबाकी केली की एका फटक्यात इथेच येते. हा ६१७४ शोधणारे गणिती द. रा. कापरेकर मास्तर जन्मानं डहाणूचे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातले. म्हणून ठाणेकरानं हे काम पेन्सिलीनंच करायचं, असं मी ठरवलं होतं. मोबाइल बंद.

ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडली की खिडकी मिळते आणि सीएसएमटीपर्यंत आठ-दहा भागाकार होतात. शेजारचे काका दोन दिवस नुसते बघत होते. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाले, "आकडा लावता का हो?"

आता घोळ. २७ काढल्यावर उरले ३६१२२५४२३. त्यात १३ पुढे मी 'बाकी १०' असं ठोकून दिलं होतं. ३१ नं भाग गेला, उरले ११६५२४३३, आणि त्यासाठी त्याच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे ३४१३ पर्यंत चाचपडायचं! २११ पर्यंत पोचल्यावर शंका आली, तीन-तीन अंकांचे गट पाडून आलटून-पालटून अधिक-वजा केले (उत्तराला १३ नं भाग गेला तर संख्येलाही जातो): ४३३ − ६५२ + ११ = −२०८. म्हणजे १३ × १६, वजा. कपाळावर हात मारला. १३ नं भागून उरले ८९६३४१. पण झालेलं काम वाया गेलं नाही, कारण जी संख्या ११६५२४३३ ला भागत नाही ती त्याच्या अवयवालाही भागणार नाही. फक्त १३ पुन्हा तपासला (बाकी ४), आणि मर्यादा ३४१३ वरून ९४६ वर आली. तेवढ्यात १६० मूळ संख्या बसतात.

खरी मजा बाक्यांच्या रकान्यात. ८९६३४१ ची १७ ला बाकी १६, ४१ ला ४० (या दोन नंतर नव्यानं काढल्या), ६४३ ला ६४२. तीनदा नेमकं एकानं हुकलं! ६४३ च्या वेळी भाग गेलाच असं वाटून मी घाटकोपरला खिडकीवर थाप मारली होती. घरी येऊन पाहिलं, तर शेजारीण ८९६३४२ = २ × १७ × ४१ × ६४३. ती पार विखुरलेली, ही अखंड.

आता ९९७५०८४२०१ घेतलाय, हाही त्याच घराण्यातला: अंक उतरते-चढते मांडून वजाबाकी केली की हाच परत येतो. २७ गेले, उरले ३६९४४७५६३. ७, ११, १३ चालले नाहीत. १७, १९, २३ ला बाक्या ओळीनं १०, ११, १२. २९ ला १३ येणार म्हणून आस लावून बसलो. आली ४.